टी-ऑफ आणि ताडोबा

आमच्या ऑफिसातल्या टोळक्याचा नवा फंडा: एकाच सुट्टीत गोल्फही आणि सफारीही! प्लॅनिंग अर्थातच माझ्या गळ्यात. पहिला लोचा घड्याळाचा. टी-ऑफ सकाळी सकाळी आणि वाघोबाही त्याच वेळी. पण ताडोबाचा कोअर मंगळवारी बंद असतो. म्हणजे शनिवार ते सोमवार सफारी, मंगळवारी गोल्फ. सोप्पं!

फक्त चंद्रपूर-गडचिरोलीत 'ग्रीन' म्हणजे साग आणि बांबू. गोल्फसाठी नागपूर गाठायचं, दीडशे किलोमीटर. तिथे कामठीचा कोर्स लष्कराचा, फौजी मित्र असेल तरच विचारून बघा. नसेल तर किट घरी ठेवा आणि दोन दिवस गडचिरोलीला द्या. वैनगंगेकाठचं मार्कंडा मंदिर आणि कमलापूरचा हत्तीकॅम्प बघा.

महिना कुठला? सगळे म्हणतात, मे. पाणवठे आटतात, वाघ हमखास दिसतो. पण मे म्हणजे तेंदूपत्त्याचाही हंगाम. आपण जिप्सीत बसतो, त्याच पहाटे गावातल्या बाया पायी जंगलात शिरतात. १० मे २०२५ ला सिंदेवाही तालुक्यात पत्ता तोडायला गेलेल्या तिघी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. आपण वाघ दिसावा म्हणून पैसे मोजतो, त्या तो दिसू नये म्हणून देवाला हात जोडतात.

म्हणून आमच्या बजेटात एक बदल केलाय. रिसॉर्टची एक रात्र कमी, गावातल्या होम-स्टेची एक जास्त. एक सफारी बफरमधली, गाइड तिथल्याच गावचा. वाघ नाहीच दिसला, तर 'पैसे फुकट गेले' म्हणून त्याच्यापुढे कुरकुर करायची नाही. वाघासोबत वर्षभर तोच राहतो, बॉस!