गाडी विकली, घराचा पत्ता आतच राहिला

सेकंड हँड गाडी ताब्यात घेताना आपला माणूस बॉनेट उघडतो, टायरची झीज बघतो, चेसिस नंबर ताडून पाहतो, फॉर्म 29 आणि 30 वर सह्या घेतो. डॅशबोर्डवरचा स्क्रीन मात्र चालू होतो की नाही, एवढंच पाहिलं जातं. त्याच स्क्रीनवर ‘होम’ असं बटण असतं. ते दाबलं की आधीच्या मालकाच्या दारापर्यंतचा रस्ता उघडतो. शोधलेली ठिकाणं, फोनमधून उतरलेली नावं-नंबर, कॉलची यादीही तिथेच पडून असते. हे सगळं पुसून देणं हे गॅरेजवाल्याचं आणि डीलरचं काम आहे, ग्राहकाच्या आठवणीवर सोडायची गोष्ट नाही, असं आमचं ठाम मत आहे.

पत्ता तर आरसीवरही असतो, मग यात नवीन काय, असं अनेकजण विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण आरसीवरचा पत्ता बरेचदा जुना किंवा गावाकडचा असतो. नेव्हिगेशनमधला रोजच्या वापरातला. शिवाय त्याच्या शेजारी ऑफिस, मुलांची शाळा, आईवडिलांचं घर यांच्या नोंदी असतात. घर केव्हा रिकामं असतं याचा अंदाज बांधायला तेवढं पुरतं. विमानतळाच्या पार्किंगमधून गाडी चोरीला गेली, तर मालक गावाला गेलाय हेही चोराला कळतं. म्हणून नवी गाडी देताना ग्राहकाला सांगा: ‘होम’मध्ये जवळचा चौक किंवा पेट्रोल पंप टाका, तिथून पुढचं वळण तुम्हाला पाठच आहे. मूळ कागदही गाडीत नकोत. 2018 च्या नियमबदलानंतर डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधली आरसी तपासणीला चालते.

बॅटरीची वायर काढली की सगळं पुसलं जातं, हा समज चुकीचा आहे. घड्याळ बिघडेल, रेडिओची स्टेशनं कदाचित जातील. पत्ते आणि फोनबुक सहसा ज्या मेमरीत साठतात ती विजेशिवायही टिकते. अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले वापरणाऱ्याचे रस्ते बहुतांशी फोनमध्येच राहतात हे खरं, पण ब्लूटूथवरून नावं-नंबर गाडीत उतरलेले असू शकतात.

टोटल लॉस झालेल्या गाड्यांचा प्रश्न तर आणखी गंभीर आहे. 2020 मध्ये अमेरिकेत एका तंत्रज्ञाने टेस्लाच्या गाड्यांतून काढलेले कॉम्प्युटर ईबेवरून विकत घेतले. त्यांत आधीच्या मालकांच्या घराची आणि ऑफिसची ठिकाणं, वायफायचे पासवर्ड, कॅलेंडरच्या नोंदी तशाच सापडल्या. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा तुमच्या शहरातल्या भंगारात जाणारा स्क्रीन रिकामाच असेल, असं मानायला काही आधार नाही. चालू होत असेल तर सुटा करण्याआधी तो पुसा. होत नसेल तर आतला बोर्ड फोडूनच भंगारात टाका. सुट्या भागाचे चार पैसे कमी येतील, ते सोसावेत.

याच्या उलट बाजूकडे तर कोणाचंच लक्ष नाही. गाडी विकली जाते, पण जुन्या मालकाच्या मोबाईलमधलं ॲप तिला जोडलेलंच राहतं. आयबीएमचे सुरक्षातज्ज्ञ चार्ल्स हेंडरसन यांनी 2017 मध्ये आपलाच अनुभव जाहीर केला. गाडी विकण्याआधी त्यांनी आतली माहिती काळजीपूर्वक पुसली होती. तरीही पुढे कित्येक वर्षं ती कुठे उभी आहे हे त्यांना फोनवर दिसत होतं, दार उघडण्याची सोयही शाबूत होती. म्हणजे नव्या मालकाचं घर जुन्या मालकाला दिसतं. फॅक्टरी रिसेटने हे थांबेलच असं नाही, कारण ही जोडणी कंपनीच्या सर्व्हरवर असते. तेव्हा गाडीची रक्कम चुकती करण्याआधी विकणाऱ्याला समोर बसवून त्याच्या ॲपमधून गाडी काढून घ्या.

1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या नियमांनुसार विक्रीसाठी ताब्यात आलेल्या गाडीचा मालक अधिकृत डीलरच मानला जातो. गाडीसोबत तिच्यातली माहितीही आपल्याच हवाली होते, असं समजून वागायला हवं. जॉब कार्डवर ‘स्क्रीन रिसेट केला, ॲप काढलं’ अशी ओळ छापून घ्या, तिच्यापुढे ग्राहकाची सही घ्या आणि या कामाचे पैसे लावू नका.

रिसेटचा पर्याय प्रत्येक कंपनीच्या मेनूत वेगळ्या जागी असतो, काही स्क्रीन पिनही मागतात. तुमच्या हाताखालून गेलेल्या मॉडेलमध्ये तो कुठे सापडला, हे मॉडेल आणि वर्षासह आम्हाला लिहून कळवा. पुढच्या अंकापासून ही माहिती आम्ही मॉडेलवार छापणार आहोत.