सर्वांनीं लिहावयाचा कोश

गेल्या पावसाळ्यांत आमच्या एका विद्यार्थ्यानें निबंधांत ‘इरलें’ म्हणजे ‘लहान झोंपडी’ असें लिहिलें. विचारतां त्यानें कोणासहि लिहितां येणाऱ्या आंतरजालावरील एका कोशाकडे बोट दाखविलें. कामट्यांचें व पानांचें इरलें डोक्यापाठीवर घेऊन वेण्णाकांठीं जन्मभर भातलावणी केलेल्या त्याच्या आजीस हा अर्थ ऐकून हंसूं आवरेना.

असले कोश मुलांस वर्ज्यच करावे, असें कित्येक पालक म्हणतात. आम्हांस तें मान्य नाहीं. मोल्सवर्थसाहेबांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं निघाला; १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तींत सुमारें ६०,००० शब्द झाले. ते कांहीं एकट्या साहेबांस ठाऊक नव्हते. कँडीबंधु सहकारी होते आणि शब्द जमविण्यास येथील पंडित होते. ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशाकरितां तर संपादक मरे यांनीं १८७९ सालीं वाचकांस जाहीर विनंती केली व शेंकडों लोकांनीं चिठ्ठ्यांवर वाक्यें उतरून धाडलीं. मात्र चिठ्ठी व छापखाना यांच्यामध्यें एक पारखी बसलेला असे.

विक्शनरींत लिहिलेलें तत्काळ दिसतें. पारख मागाहून व्हावयाची. परंतु प्रत्येक फेरफाराची नोंद राहते, जुना मजकूर परत आणतां येतो, वादाकरितां चर्चेचें पान असतें. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सात विभाग १९३२ ते १९३८ या काळांत निघाले. पुरवणीस १९५० साल उजाडलें. येथें दुरुस्तीस पांच मिनिटें पुरतात, कोणी करील तर! इरल्याची चूक आम्हींच चार महिने तशी राहूं दिली, हें कबूल केलें पाहिजे.

इकडे जावळींतील तरुण पोटापाण्यासाठीं मुंबईस जातात. इरल्याच्या जागीं प्लास्टिकचा कागद आला. भाताच्या रोपांस ‘तरवा’ म्हणणारीं, एकमेकांच्या शेतावर ‘इर्जिक’ करून राबलेलीं माणसें घरोघर म्हातारीं होत आहेत. त्यांचे शब्द कोशांत कोण घालणार? पुण्यामुंबईच्या विद्वानांनीं मेढ्यास यावें, अशी वाट किती पहावयाची?

म्हणून दिवाळीच्या सुटींत प्रत्येकानें आजीआजोबांकडून दहा शब्द उतरून आणावे. शब्दापुढें गांव लिहावें, ज्या वाक्यांत तो ऐकला तें वाक्य लिहावें. अंदाजानें अर्थ लिहूं नये, दुसऱ्या कोशांतून नकलूं नये. शंका असल्यास ती चर्चेच्या पानावर मांडावी. पालकांनींहि त्या वेळीं मोबाईल हिसकावून घेऊं नये.

‘इरलें’ अखेर त्या मुलाकडूनच दुरुस्त करविलें. खालीं घातलेलें वाक्य त्याच्या आजीचें आहे.