कड्यांचा पूर्वेतिहास

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील बीची हेड आणि होप गॅप येथील खडूचे पांढरे कडे हजारो वर्षे वर्षाला २ ते ६ सेंटिमीटर मागे सरकत होते. गेल्या दीडशे वर्षांत हा वेग २२ ते ३२ सेंटिमीटरवर गेल्याचे २०१६ मधील अभ्यासात आढळले. पुरावा होता कडा हटल्यावर उघड्या पडलेल्या खडकात वैश्विक किरणांमुळे साठणारे बेरिलियम-१०. रुग्णाचा पूर्वेतिहास घेऊनच निदान करावे, तसे संगणकीय प्रारूप आधी या भूतकाळाशी पडताळतात. मग त्यात समुद्रपातळीची संभाव्य वाढ घालतात. नुसता आजवरचा वेग पुढे धरला, तर धोका कमी दिसतो आणि घरे कड्याच्या फार जवळ बांधली जातात. ढासळलेला कडा पुन्हा उभा राहत नाही.