तोच डेटा पुन्हा पुन्हा कशाला? बचतीची जबाबदारी ॲप बनवणाऱ्यांचीच

रोजचा दीड जीबीचा पॅक संध्याकाळीच संपतो. त्यात नवीन मजकुराबरोबर फोनने आधी एकदा डाउनलोड केलेला डेटाही असतो. तेच फोटो, तेच व्हिडिओ, ॲपचे न बदललेले भाग. पैसे मात्र दरवेळी मोजावे लागतात.

ही पुनरावृत्ती टाळता येते का?

येते. २००० मध्ये अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या नील स्प्रिंग आणि डेव्हिड वेदरॉल यांनी एक पद्धत मांडली. नेटवर्कच्या दोन्ही टोकांना नुकत्याच गेलेल्या डेटाचा साठा ठेवायचा आणि त्यातील तुकड्यांचे गणिती ठसे, म्हणजे 'फिंगरप्रिंट' काढायचे. तोच तुकडा पुन्हा आला की तो न पाठवता फक्त छोटा संकेत पाठवायचा. पलीकडचे यंत्र आपल्या साठ्यातून मूळ तुकडा भरून घेते. पुढे कंपन्यांच्या शाखांना जोडणाऱ्या लाइनवर असे तंत्र वापरले गेले.

मग अडले कुठे?

एन्क्रिप्शनमुळे. एचटीटीपीएसवरून एकच फोटो दोनदा गेला, तरी वाटेतल्या यंत्राला तो दोन्ही वेळा वेगळा दिसतो. हे योग्यच आहे. त्याच कुलपामुळे बँकेचे व्यवहार आणि खासगी माहिती सुरक्षित राहते. डेटा वाचवण्यासाठी ते सैल करणे परवडणारे नाही.

कॅश सर्व्हरने भागत नाही?

इंटरनेट कंपन्यांच्या नेटवर्कमध्ये बसवलेले कॅश सर्व्हर लोकप्रिय व्हिडिओ जवळून पुरवतात. त्यातून कंपनीचा लांबच्या वाहतुकीचा भार कमी होतो. ग्राहकाच्या पॅकमधून मात्र तेवढेच एमबी कापले जातात.

उपाय कोणाच्या हातात?

कुलपाच्या दोन टोकांना असलेल्यांच्या, म्हणजे सर्व्हर आणि ॲप बनवणाऱ्यांच्या. फाइल बदलली नसेल तर सर्व्हर फोनला 'बदल नाही' एवढेच कळवू शकतो. अपडेटमध्ये फक्त बदललेला भाग पाठवता येतो. गूगलने २०१६ मध्ये प्ले स्टोअरसाठी अशीच सुधारित पद्धत आणली, तेव्हा अपडेट पूर्ण ॲपपेक्षा सरासरी ६५ टक्के लहान होत असल्याचे सांगितले होते.

म्हणजे तंत्र तयार आहे, प्रश्न प्राधान्याचा आहे. ऑफिसच्या वाय-फायवर ॲप तपासणाऱ्याला वाया गेलेले दहा एमबी जाणवत नाहीत. प्रीपेड ग्राहकाला ते जाणवतात. म्हणूनच ॲप किती वेगाने उघडते याबरोबर ते तोच डेटा किती वेळा मागते, हेही बाजारात आणण्यापूर्वी तपासले गेले पाहिजे.