हातात बॉल, डोक्याला ताप

रग्बी पहिल्यांदा बघणाऱ्याचा प्रश्न ठरलेला असतो. ‘अरे, एवढी रेटारेटी करून मिळवलेला बॉल हे लोक लाथ मारून परत का देतात?’ प्रश्न एकदम रास्त. याचं उत्तर कळलं, की नॉकआउट मॅच बघायची मजा डबल होते. पुढचा वर्ल्ड कप ऑस्ट्रेलियात आहे, १ ऑक्टोबर ते १३ नोव्हेंबर २०२७. टीम्स २४ आणि पहिल्यांदाच राउंड ऑफ सिक्स्टीन. म्हणजे २०२३ मध्ये कपासाठी तीन नॉकआउट जिंकाव्या लागल्या, आता चार. एक हरलात की बॅग भरा. तेव्हा मंडळी, हा फंडा आत्ताच क्लिअर करून टाकू.

२०२३ ची क्वार्टर फायनल घ्या. आयर्लंड सलग १७ मॅचेस जिंकून आलेलं, रँकिंगमध्ये नंबर वन. समोर न्यूझीलंड, चार पॉइंट्सनी पुढे. शेवटची काही मिनिटं बॉल आयर्लंडच्याच हातात. एक घुसला, पडला. दुसऱ्यानं बॉल उचलला, तोही पडला. असं तब्बल ३७ वेळा! शेवटी सॅम व्हाइटलॉकनं बॉलवर हात टाकला आणि खेळ खल्लास. २८-२४. आयर्लंडचा कॅप्टन जॉनी सेक्स्टन ३८ वर्षांचा होता, ती त्याची शेवटची मॅच ठरली. २०२३ पर्यंतच्या दहा वर्ल्ड कपमध्ये आयर्लंडनं सेमीफायनल एकदाही पाहिली नाही.

आता साऊथ आफ्रिका बघा. त्याच वर्षी ग्रुपमध्ये याच आयर्लंडकडून ८-१३ अशी हरलेली टीम. पण नॉकआउटमध्ये? फ्रान्सला २९-२८, इंग्लंडला १६-१५, फायनलला न्यूझीलंडला १२-११. तिन्ही वेळा फक्त एक पॉइंट!

यामागचं गणित सोपं आहे. रग्बीत हातानं पास पुढे देता येत नाही. आपल्याच हाफमध्ये बॉल घेऊन घुसाघुशी करताना पडलेल्या गड्यानं बॉल वेळेत सोडला नाही, किंवा मदतीला आलेला चुकीच्या बाजूनं शिरला, की शिट्टी. पेनल्टी. चांगला किकर ती ५० मीटरवरूनही पोस्टमध्ये घालतो, तीन पॉइंट्स. ग्रुपमध्ये ही भरपाई पुढच्या मॅचला करता येते. नॉकआउट हरलं, तर पुढची मॅचच नसते. म्हणून बॉल उंच उडवायचा आणि खेळ त्यांच्या हाफमध्ये ढकलायचा. चूक त्यांना करू दे! कबड्डीत शहाणा चढाईपटू दोन चढाया रिकाम्या घालवतो, त्याला आपण भित्रा म्हणतो का?

त्यात आणखी एक बदल झालाय. पूर्वी किक पडायच्या जागी बचाव करणारे गडी हळूच आडवे यायचे आणि आपल्या झेल घेणाऱ्याभोवती भिंत उभी करायचे. २०२४ च्या अखेरीपासून रेफ्री त्यावर कडक झाले. आता धावत येणाऱ्याला उडी मारायला रस्ता मोकळा मिळतो. म्हणजे किक मारून बॉल दान केला असं नाही, तो पन्नास-पन्नास टक्क्यांवर लावला.

दुसरा फंडा बेंचचा. रग्बीत १५ खेळतात, ८ बाहेर बसतात. २०२३ च्या सेमीफायनलला ६९ व्या मिनिटापर्यंत इंग्लंड १५-६ नं पुढे होतं. मग बेंचवरून आलेल्या आर. जी. स्नायमननं ट्राय केला. बेंचवरूनच आलेल्या ऑक्स न्चेनं स्क्रममध्ये, म्हणजे आठ विरुद्ध आठ अशा खांदाखांदीत, समोरच्यांना रेटलं आणि पेनल्टी मिळवली. ती ७८ व्या मिनिटाला सुमारे ४९ मीटरवरून मारली हँड्रे पोलार्डनं. तोही बेंचवरचाच! फायनलला तर त्यांनी आठातले सात धिप्पाड फॉरवर्ड्स बसवले, चपळ बॅक एकच. जुगार होता. तिसऱ्याच मिनिटाला हूकर म्बोनाम्बी जखमी झाला आणि बेंचवर त्या जागेचा पक्का खेळाडूच नव्हता. कशीबशी निभावली, पण निभावली.

मला विचाराल तर मन आयर्लंडकडेच ओढ घेतं. हातातून हातात फिरणारा बॉल बघण्यासारखं सुख नाही. पण २०२७ ला क्वार्टर फायनलच्या पुढे जायचं, तर त्यांना कंटाळवाणं खेळायची हिंमत करावी लागेल. सुंदर खेळून घरी जाणाऱ्यांच्या यादीत आणखी एक सेक्स्टन नको.

फायनल १३ नोव्हेंबरला, शनिवारी, सिडनीच्या स्टेडियम ऑस्ट्रेलियात. २००३ मध्ये याच मैदानावर जॉनी विल्किन्सननं एक्स्ट्रा टाइमच्या शेवटच्या मिनिटात ड्रॉप गोल मारून ऑस्ट्रेलियाचा कप हिरावला होता, २०-१७. तोही पायानंच, बरं का! सिडनीत रात्रीचे आठ वाजतात तेव्हा आपल्याकडे दुपारचे अडीच, म्हणजे बॉसकडे रजा मागायचंही टेन्शन नाही. फक्त कोणी बॉल उडवला की चहा करायला उठू नका. बॉल हवेत असताना खाली कोण धावतंय, तेवढं बघा.