कोर्ट परत आले, रंगमंच कुठे आहे?

जिल्हा न्यायालय कसबा बावड्याला गेल्यावर सीपीआरसमोरच्या जुन्या कोर्टाकडे पाहून मला वाटायचे, इथल्या एखाद्या दालनात छोटे नाट्यगृह व्हावे. न्यायाधीशांचे उंच आसन, साक्षीदाराचा पिंजरा, समोर बाकडी. रंगमंच जवळजवळ तयारच होता. १७ ऑगस्ट २०२५ रोजी त्याच ठिकाणी उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचे उद्घाटन झाले आणि माझा बेत संपला. त्याचे दुःख नाही. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतल्या पक्षकारांची मुंबईची खेप वाचली. पोटगीसाठी झगडणाऱ्या बाईला बुडालेला एक रोज किती महाग पडतो, हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

पण रंगमंचाची गरज उरलीच आहे. राजर्षी शाहूंनी १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग सुरू केले आणि १९१५ मध्ये पॅलेस थिएटर उभे केले. तेच पुढे केशवराव भोसले नाट्यगृह झाले आणि ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळाले. ते पुन्हा दिमाखात उभे राहावे. मात्र एवढ्या मोठ्या नाट्यगृहाचे भाडे मोहल्ल्यातल्या मुलामुलींच्या आवाक्यात कधीच नव्हते.

आमच्या गटाने तलाक आणि पोटगीवर तासाभराचे नाटक बसवले. ठरलेल्या सभागृहाने ‘विषय नाजूक आहे’ म्हणत अनामत परत केली. प्रयोग एका गच्चीवर केला. पिंजरा म्हणून आम्ही खुर्ची उलटी ठेवली होती. प्रयोग संपल्यावर प्रेक्षकांतली एक खाला उठली, त्या खुर्चीमागे उभी राहिली आणि स्वतःची हकिगत सांगू लागली. तिला कुणी अडवले नाही.

तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये खेळातले कोर्ट बाईलाच आरोपी करते. आपल्याला तिचे ऐकून घेणारे कोर्ट हवे आहे. कायदा निकाल देतो; पण फिर्याद द्यायचे बळ आधी चारचौघांत बोलल्याने येते.

म्हणून महापालिकेकडे मागणी एवढीच: बंद पडलेल्या शाळेची एखादी खोली द्या, शंभर जणांची, नाममात्र भाड्याची, विषयाची अट न घालता. आणि आपल्या जमातींनाही विनंती: लग्नाला उघडणारे हॉल महिन्यातून एक संध्याकाळ नाटकालाही उघडा. महापालिकेचे उत्तर येईपर्यंत तेवढे तरी आपल्या हातात आहे.