उणे दोन सेकंद



रविवारचा अभ्यासवर्ग सुरू होण्याआधीच आमच्या मोबाइलवर वह्यांच्या पानांचे फोटो येऊ लागतात. पानावर ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा उमटलेला असतो, कोपऱ्यात पान दाबून धरणारा अंगठा असतो आणि कधी कधी वहीखालून गोधडीची शिवण डोकावते. गेल्या महिन्यात आलेल्या अशा एका पानावर सरळ वर फेकलेल्या चेंडूचे उदाहरण होते. चेंडूचा सुरुवातीचा वेग सेकंदाला १९.६ मीटर, सर्वोच्च बिंदूपर्यंत पोहोचण्यास त्याला किती वेळ लागेल? दहावीतील विद्यार्थिनीने समीकरण अचूक लिहिले होते. अंतिम वेग शून्य घेतला होता, गुरुत्व त्वरणाच्या जागी ९.८ घातले होते, भागाकारही बिनचूक होता. उत्तर मात्र उणे दोन सेकंद आले होते. त्याखाली पेन्सिलीने लिहिले होते, "दादा, मायनस खोडला तर चालतंय का?"

अपेक्षित उत्तर दोन सेकंदच आहे. चिन्ह खोडले असते तर उत्तर जुळले असते आणि आमचाही अर्धा तास वाचला असता. मागे आम्ही याहून वाईट काही केले होते, आणि तेही याच मुलीच्या बाबतीत. ते आधी सांगितले पाहिजे.

नव्या वाचकांसाठी एवढेच सांगतो की लंडन आणि रेडिंग यांच्या दरम्यान राहणारे आम्ही सहा संगणक अभियंते दर रविवारी भारतातील रात्री आठ वाजता संगणकासमोर बसतो. विद्यार्थी नववी ते बारावीचे, बहुतेक मराठवाड्यातील आणि विदर्भातील. अडलेले गणित विचारावे असे त्यांच्या घरात सहसा कोणी नसते. आमच्यापैकी चौघांच्या घरातही नव्हते. आमचे अडलेले उदाहरण रात्रभर अडलेलेच राही आणि सकाळी प्रार्थनेपूर्वी एखाद्या मित्राच्या वहीतून उतरवले जाई. त्या आठवणीपोटीच हा वर्ग सुरू झाला. आणि त्या आठवणीपोटीच, आज वाटते, तो पहिले वर्षभर चुकीच्या रीतीने चालला. आम्ही उत्तरे वाटली. फोटो आला की पाच मिनिटांत सुबक टंकलिखित, पायऱ्यापायऱ्यांनी मांडलेली उकल परत जाई. बदल्यात जोडलेल्या हातांची चिन्हे येत. ती चिन्हे मोजून आम्ही आपले काम मोजत होतो.

ही मुलगी तेव्हा नववीत होती. गतीच्या एका उदाहरणाला आम्ही (नेमके सांगायचे तर याच सदराच्या लेखणीने) उत्साहाच्या भरात अवकलन वापरून उत्तर पाठवले. नववीच्या पुस्तकात अवकलन नसते, हे लक्षातही आले नाही. तिने ते जसेच्या तसे वहीत उतरवले. दुसऱ्या दिवशी तिला फळ्यावर बोलावण्यात आले. दोन ओळी तिने लिहिल्या. तिसऱ्या ओळीशी शिक्षकांनी विचारले, हे चिन्ह कशाचे? त्यांनी केवळ विचारले होते, रागावले नव्हते. तिला सांगता आले नाही, आणि वर्ग हसला. त्यानंतर पाच रविवार ती आली नाही. कारण आम्हांला तिच्या चुलतभावाकडून कळले.

फळ्याची आठवण आपल्या समाजाला फार जुनी आहे. धनंजय कीर यांनी लिहिलेल्या बाबासाहेबांच्या चरित्रातील प्रसंग बहुतेक वाचकांना ठाऊक असेल. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिक्षकांनी भीमरावांना फळ्यावर उदाहरण सोडवण्यास बोलावले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले आपले जेवणाचे डबे विटाळू नयेत म्हणून सवर्ण मुले धावली; डबे हलवल्यावरच त्यांना फळ्याला हात लावता आला. आमच्या विद्यार्थिनीच्या वाटेत डबे नव्हते. ती सरळ फळ्यापर्यंत गेली. तिच्या हातात जे होते ते मात्र तिचे नव्हते, आमचे होते. ही गोष्ट आम्हांला फार दिवस बोचत राहिली.

त्यानंतर आम्ही नियम बदलला. आता उकल पाठवली जात नाही. विद्यार्थ्याने जिथे थांबला ते पान पाठवावे. चुकलेली ओळ खोडरबराने पुसू नये, तिच्यावर एकच आडवी रेघ मारावी, म्हणजे खालचे वाचता येते. आमच्या व्यवसायात प्रोग्राम बंद पडला की तो कोणत्या ओळीवर पडला हे आधी पाहावे लागते. ती नोंदच कुणी पुसून टाकली तर काय होते, हे आमच्या सर्व व्यवसायबंधूंना ठाऊक आहे. काही विद्यार्थ्यांना हा नियम जाचला. फोटो दाखवताच सर्व पायऱ्यांसह उत्तर देणारी साधने आता मोबाइलवर फुकट मिळतात. काही मुले तिकडे वळली. तक्रार कशी करावी? पहिल्या वर्षी आम्ही जे करत होतो, तेच ती साधने आमच्याहून जलद करतात.

आता त्या उणे चिन्हाकडे येतो. आम्ही तिला विचारले, चिन्ह का खोडावेसे वाटते? ती म्हणाली, "वेळ मायनस कशी असेल? आणि बीजगणितात सर पण सांगतात, मायनस आला की टाकून द्यायचा." पुरावा म्हणून तिने बीजगणिताच्या वहीचे पानही पाठवले. एक रेल्वेगाडी ३६० किलोमीटर जाते. तिचा वेग ताशी ५ किलोमीटरने अधिक असता तर एक तास कमी लागला असता. तर मूळ वेग काढा. वर्गसमीकरणाची दोन उत्तरे येतात, ४० आणि उणे ४५. पुढे सर्वांच्या वहीत असते ते वाक्य होते: वेग ऋण नसतो, म्हणून उणे ४५ अमान्य.

क्षणभर आम्ही निरुत्तर झालो. निष्काळजीपणा म्हणून ज्याची संभावना केली असती, तो प्रत्यक्षात एका तासाला शिकलेला नियम दुसऱ्या तासाला प्रामाणिकपणे लावण्याचा प्रयत्न होता. बीजगणिताच्या तासाला वेग ऋण नसतो आणि विज्ञानाच्या तासाला दिशा उलटली की तोच ऋण होतो. या दोन तासांमधील भिंत मुलांना एकट्यानेच ओलांडावी लागते.

आम्ही तिला एवढेच सांगितले की तुझ्या समीकरणात काळाच्या जागी एक सेकंद घालून पाहा. तिने १९.६ मध्ये ९.८ मिळवले. २९.४. दोन सेकंद घातले. ३९.२. पलीकडे कुकरची शिट्टी झाली, कुणीतरी दार लोटले, ती गप्प होती. मग म्हणाली, "दादा, ह्यो तर वरच पळायलाय. थांबतच नाही."

"मग याचा वेग शून्य कधी होता?"

यावेळी शांतता अधिक लांबली. आमच्यातील एकाला उत्तर सांगून टाकण्याचा मोह अनावर झाला होता. त्याचा माइक आम्ही बंद केला.

"आधी," ती म्हणाली. "दोन सेकंद आधी."

समीकरणाने खोटे सांगितले नव्हते. तिने वेग आणि त्वरण एकाच चिन्हाचे घेतले, म्हणजे चेंडूला वरच्या दिशेने ढकलत राहणाऱ्या जगाविषयी प्रश्न विचारला, आणि समीकरणाने त्या जगाचे खरे उत्तर दिले. गुरुत्व खाली ओढते हे तिला चांगले ठाऊक होते. ते कागदावर लिहायचे राहिले होते. तिने ९.८ च्या मागे उणे लावले, दोन सेकंद आले, आणि खोडण्यासारखे काही उरले नाही.

इथे वर्ग संपायला हवा होता. पण तिने विचारले, "मग ते गाडीचं उणे पंचेचाळीस पण काहीतरी सांगत असेल ना?"

आम्हां सहाजणांत चौघे पदव्युत्तर पदवीधर आहेत. वर्गसमीकरणाचे ऋण उत्तर आम्ही वीस वर्षांपूर्वी टाकून दिले ते पुन्हा उचलून कधी पाहिले नव्हते. आठवडाभराची मुदत मागून घेतली. मूळ वेग उणे ४५ मानला तर वाढवलेला वेग उणे ४० होतो. ३६० ला उणे ४५ ने भागले की उणे ८ तास, उणे ४० ने भागले की उणे ९ तास. उणे ८ मधून उणे ९ वजा केले की बरोबर एक तास उरतो. अट तंतोतंत पाळली जाते. त्याच दोन गाड्या, ४० आणि ४५ वेगाच्या. फक्त दिशा उलटलेली, काळ उलटा धावणारा आणि भूमिकांची अदलाबदल झालेली. प्रवाशाला या उत्तराचा उपयोग नाही, म्हणून ते अमान्य करणे योग्यच. पण ज्याला कचरा समजत होतो त्यात दुसऱ्या गाडीचा वेग पडलेला होता, हे पाहून पुढच्या रविवारी आम्ही तिच्याहून अधिक हरखलो होतो.

सगळेच प्रश्न असे आनंदाने सुटत नाहीत. नववीच्या पुस्तकात गतीच्या नियमांनंतर 'कार्य आणि ऊर्जा' हे प्रकरण येते. डोक्यावर ओझे घेऊन सपाट रस्त्याने चालणाऱ्या माणसावरील गुरुत्वबलाने केलेले कार्य किती, हा त्यातील ठरलेला प्रश्न, आणि शून्य हे ठरलेले उत्तर. एका मुलाने उत्तराची जागा कोरी ठेवून पान पाठवले. त्याची आई बांधकामावर घमेली वाहते. "तिचं कार्य शून्य कसं?" एवढेच त्याने लिहिले होते.

आमच्यापैकी एकाने लगेच बल आणि विस्थापन यांच्यातील ९० अंशांचा कोन काढून दाखवायला घेतला. ते बरोबरच होते. पण मुलाने कोनाविषयी विचारलेच नव्हते. त्याला आधी हे सांगायला हवे होते की भौतिकशास्त्राने 'कार्य' हा शब्द रोजच्या भाषेतून उचलून एका अरुंद कामाला जुंपला आहे: बलाने, त्याच्या दिशेतील विस्थापनातून, किती ऊर्जा पोहोचवली एवढेच तो मोजतो. श्रम मोजत नाही, मजुरी मोजत नाही. ओझे नुसते धरून उभे राहिले तरी स्नायूंचे तंतू सतत आकुंचन पावत असतात, त्यासाठी अन्नातील ऊर्जा खर्च होते आणि तिची उष्णता होते. म्हणून माणूस दमतो. शिवाय घमेले जमिनीवरून डोक्यावर उचलताना कार्य होतेच. २० किलोग्रॅमचे घमेले दीड मीटर उचलले तर २९४ जूल.

मुलाने लागलीच शंभर घमेल्यांचा हिशेब केला: २९,४०० जूल. मग त्याच्या उष्मांकांत, सुमारे सात किलोकॅलरी. "एवढंच?" तो म्हणाला. भाकरीच्या एका घासात कदाचित तेवढे असेल. आम्ही सांगितले की स्नायू खर्च करतात त्यातील जेमतेम चौथा हिस्सा असा कार्यात उतरतो. प्रत्येक खेपेला वाकून उठताना स्वतःच्या शरीराचा भारही उचलावा लागतो, आणि उन्हात शरीर थंड राखण्याचे ओझे वेगळेच. तो हो म्हणाला. त्याचे समाधान झाले असे आम्हांला वाटत नाही. परीक्षेत त्याने शून्य लिहिले आणि गुण मिळवले.

अशा वेळी भाषेचा प्रश्न जाणवतो. 'विस्थापन' या शब्दाचा अर्थ एका विद्यार्थ्याने धरणात गाव जाणे असा लिहिला होता. त्याच्यापुरता तो बरोबरच होता. या मराठी संज्ञा निदान घरातल्या अनुभवाला कुठेतरी चिकटतात, मग त्या सोडवून घेता येतात. पुढे अकरावीला विज्ञान घेतले की सारे एकदम इंग्रजीत येते, आणि दहावीत ८५ टक्के मिळवलेले मूल अचानक गप्प होते. त्यासाठी आम्ही येथे वाढणाऱ्या आपल्या मुलांना वर्गात बसवू लागलो. त्यांना डिस्प्लेसमेंट ठाऊक असते, विस्थापन नसते; तिकडे उलटे. दोघांनी मिळून एक उदाहरण सोडवायचे. इथल्या जीसीएसई परीक्षेत रीतीला गुण मिळतात म्हणून ही मुले प्रत्येक पायरी लिहितात, तेवढी एक सवय घेण्याजोगी आहे. बाकी नुसते उत्तर मागण्याच्या बाबतीत स्लाव आणि लातूर यांत आम्हांला काही फरक आढळला नाही.

दोन सूचना. रसायनशास्त्र मराठीतून समजावू शकेल असे आमच्यात कोणी नाही. मोलच्या उदाहरणांची पाने साचली आहेत; वाचकांपैकी कुणाला रविवारचे दोन तास देता येत असतील तर अवश्य कळवावे. दुसरी सूचना घड्याळाची. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी येथील घड्याळे तासाने मागे जातात, म्हणून त्या दिवसापासून वर्ग येथील साडेतीनऐवजी अडीच वाजता सुरू होईल. पहिल्या वर्षी आम्ही हे विसरलो आणि मुले तिकडे तासभर कोऱ्या पडद्यासमोर बसून राहिली.

त्या मुलीचे नवे पान काल आले. खोडलेले काही नाही, एका ओळीवर आडवी रेघ आहे. चेंडू सर्वोच्च बिंदूला थांबतो, वेग शून्य होतो. मग त्या क्षणी त्वरणही शून्य का होत नाही, असे तिने विचारले आहे. या रविवारी सुरुवात तिथून करायची आहे.